भाकरीला भाकरीच राहू द्या ना

तव्यावरचा:
परवा भाचीची दहावीची जुनी वही हाती लागली. नारायण सुर्व्यांच्या 'दोन दिवस' या कवितेवरचं उत्तर असं: 'भाकरीचा चंद्र हे मूलभूत गरजांचे प्रतीक आहे.' झालं, मिळाले दोन गुण! अहो, गिरणी कामगाराच्या घरात वाढलेल्या माणसाची भाकरी आहे ती. प्रतीक म्हटलं की ती पोटातून उठून वहीत जाऊन बसते. शरणकुमार लिंबाळ्यांच्या 'अक्करमाशी' या आत्मकथनात (१९८४) आजी शेणातले ज्वारीचे दाणे वेचते, धुते, दळते आणि त्याची भाकरी थापते. तिथे कसलं प्रतीक शोधणार?

उंबरठा:
असहमत. चंद्र काय समीक्षकांनी आणला? सुर्व्यांनीच आणला. आधीच्या ओळीत चंद्र येतो, तारे फुलतात, रात्र धुंद होते. म्हणजे आपल्या प्रेमकवितेचं सगळं ठरलेलं सामान. आणि लगेच पुढच्या ओळीत त्याच चंद्राची भाकरी! ही भाकरी पोटाची आहेच, पण ती इतरांच्या चंद्राशी भांडायलाही उभी आहे. ते सोडलं तर कवीची निम्मी करामत गेली. उपाशी माणसाला रूपक परवडत नाही, हे तुम्ही कुठून ठरवलंत? बहिणाबाई शाळेत गेल्या नव्हत्या, तरी अख्खा संसार तव्यावर चढवलाच ना त्यांनी?

तव्यावरचा:
चढवला, पण आधी हात पोळला, मग संसार सुचला. वहीत नेमकं उलटं होतं.

पिठलंप्रेमी:
तुम्ही दोघे भाकरीवरच अडलात. पुरणपोळीला कुणी असं उभं-आडवं विचारतं का? 'अन्न हे पूर्णब्रह्म' आमच्याकडे दर पंगतीला म्हणायचे. भरल्या पानावर बसून अन्नाचं ब्रह्म केलं, तेव्हा कुणाला खटकलं नाही. शाहू पाटोळ्यांनी मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या जेवणावर लिहिलं आणि पुस्तकाला नाव दिलं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५). एक 'अ' लावला फक्त. आत रक्ती (शिजवलेलं रक्त) आहे, चान्या आहेत, कसं करायचं तेही आहे. म्हणजे पाककृती खरी आणि टोलाही खरा. (अवांतर: चान्या म्हणजे वाळवलेलं मांस. आमच्या घरी हा शब्द मला पुस्तकामुळे कळला, यातच काय ते आलं.)

उंबरठा:
हे पटलं. सुर्व्यांच्या चंद्रावरून मी हटणार नाही. पण तव्यावरचे, लिंबाळ्यांच्या त्या आजीबद्दल मी वर एक अक्षर लिहिलेलं नाही. दोनदा लिहायला घेतलं, दोनदा खोडलं.