एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात त्या एआरटी सेंटरवरच पिशवीच्या (गर्भाशयाच्या) तोंडाची तपासणी का होत नाही?

गोळ्यांवाली ताई: अकरा वर्षं काउन्सेलर आहे. एक बाई दर महिन्याला न चुकता गोळ्या न्यायची, व्हायरल लोड (रक्तातल्या एचआयव्ही विषाणूचं प्रमाण) कायम दबलेला, आणि गेली ती गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने. अंगावरून पांढरं जातंय हे दोनदा बोलली होती, मी आपली गोळ्यांचा हिशोब लिहीत राहिले, अजून टोचतं ते. एचआयव्ही असलेल्या बाईला हा धोका इतरांच्या ६ पट, डब्ल्यूएचओ म्हणतं पंचविशीपासून तपासा, आणि बाई तर आपल्या दारात येतेच आहे! मग त्याच दिवशी नर्सने पिशवीच्या तोंडाला व्हिनेगर लावून पांढरा डाग उठतो का ते का बघू नये? चिठ्ठी देऊन दुसरीकडे पाठवलं की बऱ्याच जणी जातच नाहीत, तिथे परत सगळं सांगावं लागतं म्हणून.

बार्शी रोड: कळकळ पटते, पण व्हिनेगरवर भरवसा नाही. उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातल्या सव्वा लाखावर बायकांचा अभ्यास २००९ ला आला, त्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही टेस्टने (हा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो त्याची तपासणी) मृत्यू निम्म्यावर आले, व्हिनेगरच्या गटात म्हणावा असा फरक नाही. ती टेस्ट आणा.

गोळ्यांवाली ताई: मुंबईच्या वस्त्यांमधे टाटा हॉस्पिटलने दर २ वर्षांनी व्हिनेगरनेच तपासलं तेव्हा मृत्यू ३० टक्क्यांच्या आसपास कमी झाले की. आणि आमच्या बायकांमधे एचपीव्ही इतका सापडतो की पुढे डोळ्यांनी बघावंच लागतं. टेस्ट येईल तेव्हा येईल, तोवर काय?

डोंगरकडा: तपासणीवर भांडताय, सापडल्यावर काय? वहिनीला तिसऱ्या स्टेजला कळलं. शेक (रेडिएशन) पाच आठवडे, मशीन गावापासून १४० किमी, उपचार योजनेत फुकट पण मजुरी बुडाली, पोरं शेजाऱ्यांकडे. वर तिथले डॉक्टर एचआयव्ही आहे, झेपणार नाही म्हणून केमो देईनात, सीडीफोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) चांगला असून! आधी राहायची जेवायची सोय करा.

बार्शी रोड: हे मात्र चूकच. सीडीफोर चांगला असेल तर पूर्ण ट्रीटमेंट द्यायला पाहिजे. एचआयव्हीच्या गोळीत टेनोफोव्हिर चालू असेल तर केमोच्या सिस्प्लॅटिन औषधाने किडनीवर जास्त ताण येतो, तेवढं रक्तातलं क्रिएटिनिन बघत राहायचं, लागलं तर गोळी बदलायची. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणं २०१७ च्या कायद्यात बसत नाही, लेखी कारण मागायचं होतंत.

डोंगरकडा: कोण मागणार हो? दादा बाहेर बाकावर बसलेला, कुणी ऐकेल म्हणून एचआयव्ही हा शब्द पण हळू बोलायचा.

गोळ्यांवाली ताई: वहिनी कशा आहेत आता?

डोंगरकडा: केमोशिवाय सगळे शेक पुरे केले. मार्चमधे ३ वर्षं होतील. गोळ्या आणायला वहिनी धरून चौघीजणी अजूनही एकाच जीपने जातात, बाकी तिघींना आजवर कुणी तपासलेलं नाही.