टिगमध्ये कमिट हिस्टरी फिल्टर कशी करतात? स्लॅशने नुसतं शोधलं जातंय

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. जरा लांबलचक लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय अडचण कळायची नाही.

आमचं बिलिंगचं सॉफ्टवेअर आहे, छोटी टीम, कोड सर्व्हरवर आणि मी एसएसएचने आत जाऊन काम करते, त्यामुळे गिटची (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली, एकेक नोंद म्हणजे कमिट) माऊसवाली टूल्स चालत नाहीत, टर्मिनलमध्ये टिग वापरते, म्हणजे गिटचा इतिहास तिथेच दाखवणारं टूल. मला टिग मनापासून आवडतं, जे-के दाबत खालीवर जायचं, एंटर मारला की डिफ (त्या कमिटमध्ये काय बदललं ते) उघडतो, बास.

तर झालंय असं की एका ग्राहकाने २०२३ च्या मार्चमधली बिलं पुन्हा प्रिंट केली आणि टॅक्सच्या आकड्यात काही पैशांचा फरक यायला लागला. म्हणजे राउंडिंगचं लॉजिक त्यानंतर कधीतरी बदललंय. त्यांच्या सीएंनी लेखी विचारलंय की कधी बदललं आणि का, आणि ते विचारणं बरोबरच आहे, मला त्यांना अंदाजपंचे उत्तर द्यायचं नाहीये.

रिपोत (कोड आणि त्याच्या इतिहासाच्या साठ्यात) अकरा हजारांच्या वर कमिट आहेत. त्यात प्रत्येक बिल्डला बॉट 'व्हर्जन बम्प' टाकतो, शिवाय मर्जचे (दोघांचं काम एकत्र केल्याचे) ढीगभर, कामाचा कमिट दिसायच्या आधी डोळे दुखतात. आतापर्यंत हे केलं:

स्लॅश दाबून 'राउंड' शोधलं. हायलाइट होतं, एन दाबला की पुढच्यावर जातं, पण बाकीचे कमिट तिथेच राहतात. मला फक्त जुळणारेच दिसायला हवेत. आणि आमच्याकडे मेसेज 'मायनर फिक्स' असले लिहायची सवय, त्यामुळे मेसेजमध्ये तो शब्द असेलच असं नाही.

मग कुठेतरी वाचून टिगला डॅश कॅपिटल एस आणि 'राउंड' दिलं. तीनच कमिट आले, तिन्ही २०१९ चे, फंक्शन पहिल्यांदा लिहिलं तेव्हाचे.

मग डॅश डॅश आणि फाइलचा पाथ दिला. यादी छान छोटी झाली, पण २०२१ च्या मागचं काहीच नाही, कारण तेव्हा फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली होती.

शेवटी --सिन्स=२०२३-०४-०१ आणि --अंटिल=२०२३-०४-३० लावलं, पूर्ण एप्रिल वाचून काढला, काही नाही!

काय चुकतंय? आणि टिगमधून बाहेर न पडता फिल्टर बदलता येतो का?

प्रतिसाद १
ताई, स्लॅश हा फक्त शोध आहे, फिल्टर नाही, तो उघडलेल्या यादीतच फिरतो. टिग स्वतः वेगळं फिल्टर करत नाही, सुरू करताना तुम्ही जे द्याल ते गिट लॉगकडे जातं, म्हणून गिट लॉगचे बहुतेक ऑप्शन तिथे जसेच्या तसे चालतात. मर्ज नकोत तर --नो-मर्जेस. बॉट नको तर --इन्व्हर्ट-ग्रेप आणि सोबत --ग्रेप='व्हर्जन बम्प' (ग्रेप म्हणजे कमिटच्या मेसेजमध्ये शोध). फक्त एक लक्षात ठेवा, --इन्व्हर्ट-ग्रेप लावलं की सगळेच ग्रेप उलटे होतात, त्यामुळे त्याच कमांडमध्ये 'राउंड असलेले दाखव' असा दुसरा ग्रेप जोडता येणार नाही.
फाइल हलवली असेल तर डॅश डॅशनंतर जुना आणि नवा असे दोन्ही पाथ द्या. --फॉलो (फाइल हलली तरी तिचा माग ठेवणारा) पण आहे, पण तो एकाच फाइलला चालतो. आणि पाथ दिल्यावर डिफमध्येही तेवढीच फाइल दिसते, पूर्ण कमिट बघायचा असेल तर टक्क्याचं चिन्ह दाबा, परत दाबलं की पूर्ववत.

प्रतिसाद २
तुमचं खरं दुखणं कॅपिटल एसमध्ये आहे. तो काय बघतो तर त्या कमिटमुळे फाइलमध्ये तो शब्द जितक्या वेळा येतो तो आकडा बदलला का. समजा राउंड कंसात रक्कम आणि दोन होतं आणि कुणी त्या दोनचं शून्य केलं, तर 'राउंड' आधीही एकदा, नंतरही एकदा, आकडा तोच, म्हणून कमिट गाळला जातो. तुम्हाला कॅपिटल जी हवाय, तो बदललेल्या ओळींच्या मजकुरातच रेग्युलर एक्स्प्रेशन (शोधाचा नमुना) शोधतो. मी तर पहिल्यांदा जी-च लावतो, एस फक्त एखादं फंक्शन कधी आलं किंवा कधी गेलं एवढ्यासाठी.

प्रतिसाद ३
वरचं दोन्ही बरोबर, पण तारखेचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. --सिन्सला नुसती तारीख दिली की गिट वेळ म्हणून तुमची आत्ताची वेळ धरतं! संध्याकाळी सहाला कमांड मारली तर १ एप्रिल संध्याकाळी सहापासून पुढचं. १ एप्रिल म्हणजे नवीन आर्थिक वर्ष, बिलिंगमधले बदल त्याच दिवशी जास्त होतात. तारखेपुढे ००:०० लिहा, सगळं अवतरणात. हेच --अंटिलला पण लागू. शिवाय ही तारीख कमिटरची (कमिट शेवटचा नोंदवल्याची) असते, ऑथरची (बदल मुळात लिहिल्याची) नाही, रीबेस केलेला (नंतर दुसऱ्या जागी पुन्हा बसवलेला) जुना कमिट असेल तर तो भलत्याच महिन्यात सापडतो.

प्रतिसाद १
बाहेर न पडता फिल्टर बदलायचं राहिलं. टिगआरसी या टिगच्या सेटिंगच्या फाइलमध्ये मेन व्ह्यूसाठी (कमिटच्या यादीसाठी) एखादी मोकळी की बाइंड करा: उद्गारचिन्ह, टिग आणि पुढे अवतरणात --ऑथर= लिहून टक्का-कंसात प्रॉम्प्ट. की दाबली की नाव विचारतं आणि आतच दुसरं टिग उघडतं, क्यू मारला की जुन्या यादीवर परत. हेच कॅपिटल जी साठी पण करता येतं. कॅपिटल एफ घेऊ नका, तो डिफॉल्टमध्ये वापरात आहे.

धागाकर्ती
सापडला!! --नो-मर्जेस, बॉटवाला उलटा ग्रेप, कॅपिटल जी 'राउंड' आणि दोन्ही पाथ, तारीख काढूनच टाकली. अकरा हजारांतून चौदा कमिट उरले. त्यातला एक १ एप्रिल २०२३ सकाळी अकराचा, शनिवार असूनही कुणीतरी बसून केलेला, मेसेज 'मायनर फिक्स'. राउंडमधल्या दोनचं शून्य केलंय आणि वर एका ओळीची कॉमेंट, सीजीएसटी कलम १७० प्रमाणे जवळच्या रुपयात. म्हणजे कारण व्यवस्थित होतं, फक्त मेसेजमध्ये लिहिलं नव्हतं, आणि जुन्या बिलांना जुनाच नियम लागायला हवा हे राहून गेलं. मी काल बरोबर संध्याकाळी शोधत होते, म्हणून एप्रिल वाचूनही हा दिसला नाही.

प्रतिसाद ३, तुमचे विशेष आभार, ते वेळेचं मला कधीच कळलं नसतं. सीएंना आज कमिटची तारीख आणि तो डिफ पाठवतेय आणि जुन्या बिलांचं राउंडिंग बिलाच्या तारखेवरून ठरेल असा बदल सोमवारी टाकते. टिगआरसीतली की पण बाइंड केली, कॅपिटल झेडवर, मस्त चालतेय.