काढा औषधात धरायचा की नाही?

अनुराधा_कुडाळ:
डॉक्टरांनी बाबांना विचारलं, "आणखी कुठली औषधं चालू आहेत?" बाबा नाही म्हणाले. शेजारी बसून मीही मान हलवली. डोळे पिवळेधमक, लघवी कोऱ्या चहासारखी, एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारा घटक, ९०० च्या वर. हिपॅटायटिसच्या तपासण्या सगळ्या निगेटिव्ह. तिसऱ्या दिवशी आई बोलता बोलता म्हणाली की गेले सात-आठ महिने ते रोज अनशापोटी गुळवेलीचा काढा आणि लिव्हरसाठीच्या दोन हर्बल कॅप्सूल घेत होते. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं होतं, म्हणून ओळखीतल्या एकाने आणून दिलेल्या.

आम्ही काही लपवलं नव्हतं हो. ते औषध आहे असं मनातच आलं नाही. दोन्ही बंद केल्यावर दोन महिन्यांत आकडे उतरले.

नंतर वाचलं, की कोविडकाळात गुळवेल घेतलेल्या ६ जणांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं होतं. माझं मत आता पक्कं आहे : फॅटी लिव्हरसाठी अशी गोळी कुणी आपल्या मनाने घेऊ नये, आणि दुकानदाराने ती बिस्किटासारखी विकू नये.

वैद्य_साताऱ्याकडचे:
ताई, बाबा बरे झाले हे वाचून हायसं वाटलं. पण दोष गुळवेलीच्या माथी मारू नका. आयुष मंत्रालयाने तेव्हाच सांगितलं होतं की टिनोस्पोरा क्रिस्पा नावाची दिसायला सारखी वेल गुळवेल म्हणून वापरली गेली असू शकते. कामलेवर, म्हणजे काविळीवर, गुळवेलीचा रस मधातून द्यावा हे आमच्या ग्रंथांत आहे. लाखो लोकांनी काढा घेतला, त्यातले सहा तुम्ही मोजता. मग टीबीच्या गोळ्यांनी यकृत बिघडतं, ते का नाही मोजत? आयसोनियाझिड, पायराझिनामाइड बंद करा असं कोणी म्हणत नाही.

पॅथॉलॉजी_नाशिक:
वैद्यबुवा, टीबीचंच उदाहरण घेऊ. तिथे धोका माहीत असतो, म्हणून लक्षणं विचारतात, गरज पडली की एलएफटी, म्हणजे यकृताची रक्ततपासणी, करतात, आकडे वाढले तर गोळ्या थांबवतात. शिवाय औषध घेतलं नाही तर माणूस दगावू शकतो. फॅटी लिव्हरच्या कॅप्सूलमध्ये यातलं काय आहे? वजन ७ ते १० टक्के उतरवलं तर यकृताची सूज कमी होते, हे सिद्ध झालेलं आहे. ८० किलोच्या माणसाने सहा-आठ किलो घटवायचे. ते जड जातं म्हणून लोक गोळी शोधतात, हे मी रोज काउंटरवर बघतो.

दुसऱ्या वेलीबद्दल : २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांतल्या ४३ रुग्णांची नोंद आली. त्यात वनस्पतीचे नमुने तपासले होते, आणि ती खरीच गुळवेल निघाली. प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटावी तसं चित्र यात दिसतं. सगळ्यांना होत नाही, पण कोणाला होईल हे आधी कळतही नाही.

तळकोकणातला_बाळा:
आमच्याकडे कावीळ झाली की आजी परसातली भुईआवळी उपटून आणायची, वाटून ताकातून द्यायची. आम्ही चौघं भावंडं त्यावरच बरे झालो. तेव्हा एसजीपीटी कोणाला ठाऊक होतं? आजीचा पाला चालत नाही आणि कंपनीची गोळी चालते, असं कसं?

पॅथॉलॉजी_नाशिक:
बाळा, मुलांची ती कावीळ बहुतेक दूषित पाण्यातून येणारी हिपॅटायटिस ए. ती काही आठवड्यांत आपली आपण उतरते. काविळीची माळ घातली की ती लांबत जाते आणि कावीळही उतरते, तसंच हे. आजीच्या पाल्याने नुकसान झालं असं मी म्हणत नाही.

भुईआवळीला संधी मिळाली नाही, असंही नाही. १९८८ साली मद्रासच्या संशोधकांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं की महिनाभर भुईआवळी दिल्यावर ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून हिपॅटायटिस बीचा अंश गेला. जगभर आशा वाटली. इतरांनी करून पाहिलं, तेव्हा तसं घडलं नाही. मला त्याचं खरंच वाईट वाटतं. आपल्या बांधावरची वनस्पती बीवर चालली असती, तर किती घरं वाचली असती!

वैद्य_साताऱ्याकडचे:
एक मान्य करतो. कडुनिंबावरची ताजी गुळवेल प्रकृती बघून पंधरा दिवस देणं वेगळं, आणि दहा वनस्पतींचा अर्क भरलेली कॅप्सूल आठ महिने घेणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराला मी आयुर्वेद म्हणत नाही. पण त्यामुळे 'हर्बल म्हणजे विष' असा सूर लागतो, त्याला माझा विरोध राहील. माझ्याकडे येणाऱ्या रुग्णाचे रिपोर्ट मी बघतो.

अनुराधा_कुडाळ:
वैद्यबुवा, तुमच्याकडे येणाऱ्यांचं मी बोलतच नाहीये. बाबा कोणाकडेच गेले नव्हते.

मीनल_पनवेल:
मध्येच विचारते, माफ करा. आईला कोणीतरी आरोग्यवर्धिनी ही आयुर्वेदिक गोळी सुचवली, तीन महिने झाले. त्यात फक्त कुटकी ही वनस्पती असते ना?

वैद्य_साताऱ्याकडचे:
नाही हो ताई. कुटकी सगळ्यात जास्त असते, पण पारा-गंधकाची कज्जली, ताम्रभस्म, लोहभस्म हेही असतं. पाऱ्यासारखे विषारी घटक औषध कायद्याच्या ई-१ परिशिष्टात येतात, म्हणून वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावं, अशी सूचना डबीवर असते. डबी बघा. कोणी तपासून दिली नसेल, तर आजच थांबवा आणि या आठवड्यात एलएफटी करून घ्या.

मीनल_पनवेल:
सूचना आहे. अगदी बारीक अक्षरात. उद्या सकाळी आईला घेऊन जाते, डबीही सोबत नेते.