मदत हवी आहे: हाताने वाढवलेला नर हंस आता माझ्याच अंगावर धावून येतो

नमस्कार. आमच्या परसात तीन पाळीव हंस आहेत, एक नर आणि दोन माद्या. घरात सगळे राजहंस म्हणतात, पण आहेत साधे पांढरे, नारिंगी चोचीचे गूज. दोन वर्षांपूर्वी तीन दिवसांची पिल्लं आणली होती. कोंबड्या आधीपासून होत्या, त्यामुळे हेही जमेल असं वाटलं.

प्रश्न नराचा आहे, बाळूचा. दहा-बारा दिवसांचा असताना त्याच्या पायांत जोर राहीना. घोटे सुजल्यासारखे दिसायचे, दोन पावलं टाकली की बसून जायचा. बाकीच्या दोघी तुडवतील म्हणून त्याला खोक्यात घालून घरात आणला आणि जवळजवळ महिनाभर तो माझ्या पलंगाशेजारी राहिला. रात्री अंधारात बारीक आवाजात चिवचिवायचा. मी नुसतं "आहे रे" म्हटलं की गप्प व्हायचा. पाय सुधारल्यावर बाहेर सोडला, तरी माझी पाठ सोडायचा नाही. मी नळावर भांडी घासत असले की शेजारी येऊन ओढणीचं टोक चोचीत धरून चावत बसायचा.

तोच बाळू यंदा माझा वैरी झाला आहे. थोरली मादी बाहेरच्या जिन्याखाली सात अंडी घालून खुडूक बसली, आज एकोणीस दिवस झाले. तेव्हापासून मी परसात पाऊल टाकलं की हा मान जमिनीलगत लांब करतो, चोच अर्धवट उघडून फुत्कारतो आणि थेट येतो. परवा पोटरीला चावला. चावून सोडत नाही, धरून पिळतो आणि वरून पंखांचे फटके देतो. हिरवा-निळा डाग अजून आहे. मी मागे पळाले की हा उलट्या पावली मादीकडे जातो, मान पुढे काढून तिच्या मानेला मान लावतो आणि दोघं मिळून मोठमोठ्याने ओरडतात.

सासूबाईंना कपडे वाळत घालायला जाता येत नाही. त्यांचं म्हणणं, काठी दाखवा, नाहीतर देऊन टाका. त्यांची चूक नाही, त्यांच्या वयाला पडणं परवडणारं नाही. पण ज्याला मी रात्री जागून वाढवला त्याला काठी कशी दाखवू? माझं वाढवण्यात काही चुकलं का? आणि पिल्लं निघाल्यावर हे कमी होईल की वाढेल?

आणखी दोन गोष्टी. मादी दिवसातून एकदा घरट्यावरून उठते, पंधरा-वीस मिनिटं टबात डुंबते आणि ओल्या पोटाने परत बसते. तेवढ्यात अंडी गार होऊन वाया जातात का? शिवाय धाकट्या मादीचा डावा पंख टोकाकडून बाहेर वळलेला आहे, मिटतच नाही. येणाऱ्या पिल्लांचं तसं होऊ नये म्हणून काय करावं?

प्रतिसाद १

ताई, बारा वर्षं हंस पाळतो आहे. आधी काठीचं सांगतो: कृपा करून नको. मारलं की त्याची खात्री पटते की समोरचा खरोखरच शत्रू आहे.

तुमचं प्रेम कमी पडलेलं नाही. झालं असं की, घरात एकट्याने वाढल्यामुळे त्याला माणसाची भीतीच उरली नाही. हंसाचं पिल्लू सुरुवातीच्या दिवसांत ज्याच्या मागे चालतं त्याला आपलं मानतं. ऑस्ट्रियाच्या कॉनराड लॉरेंझ यांनी करड्या रानहंसांवर हेच अभ्यासलं होतं, १९७३ च्या नोबेलमध्ये त्यांचाही वाटा होता. कळपात वाढलेला नर माणूस जवळ आला की फुत्कारून बाजूला होतो. बाळूच्या लेखी तुम्ही कळपातल्याच, आणि विणीच्या दिवसांत घरट्याजवळ आलेल्या कळपातल्या दुसऱ्या मोठ्या हंसाशी नर जसा वागेल तसा तो तुमच्याशी वागतो. तुम्ही पळाल्यावर मादीपाशी जाऊन दोघं ओरडतात ना, ती त्यांची जोडी पक्की करण्याची रीत आहे. रानहंसही प्रतिस्पर्ध्याला पळवल्यावर असंच करतात. म्हणजे तुमच्या प्रत्येक पळण्याने त्याला जिंकल्याचं समाधान मिळतं.

म्हणून पळू नका आणि पाठही फिरवू नका. ताठ उभ्या राहा, हात दोन्ही बाजूंना पसरा, आवाज न चढवता एक पाऊल पुढे टाका. बहुतेकदा तो थांबतो. थांबला की तुम्हीही थांबा, पुढे रेटू नका. अगदीच अंगावर आला तर एका हाताने मान मुळाशी हलकी धरा, दुसऱ्या हाताने दोन्ही पंख मिटलेले ठेवून अंग काखेत घ्या, तोंड मागच्या बाजूला. शांत होईपर्यंत धरून मग खाली ठेवा. पाय किंवा पंख धरून उचलू नका, इजा होते.

आणि एक गोष्ट नीट बघून सांगा. तो कुठून धावायला लागतो आणि कुठे थांबतो?

अंड्यांची काळजी नको. उठताना ती अंड्यांवर मऊ पिसं ओढून घेते की नाही बघा. तेवढा वेळ अंडी सहज तग धरतात, आणि ओल्या पोटाचा ओलावा कवचाला हवाच असतो. साधारण २८ ते ३१ दिवसांत पिल्लं निघतील. कवचाला पहिलं भोक पडल्यावर पूर्ण बाहेर यायला दीड-दोन दिवसही लागू शकतात. हाताने कवच सोलू नका, आत रक्तवाहिन्या चालू असतात.

प्रतिसाद २

पायांबद्दल. लहानपणी बाळूला कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य देत होता का? बदक आणि हंसाच्या पिल्लांना नायसिन, म्हणजे ब जीवनसत्त्वातला एक घटक, कोंबडीच्या पिल्लांपेक्षा जास्त लागतं. ते कमी पडलं की घोटे सुजतात, पाय वाकतात. या वेळी खाद्यात ब्रूअर्स यीस्ट (बिअर बनवताना वापरलेलं, वाळवलेलं यीस्ट, त्यात नायसिन असतं) मिसळा, आणि प्रमाण पशुवैद्यांना विचारून घ्या.

पंखाचा दोष बहुधा भरभर वाढीचा. जास्त प्रथिनांचं किंवा पिठूळ खाणं मिळालं आणि हिंडणं कमी झालं की उड्डाणपिसं जड होतात, कोवळा सांधा ती पेलू शकत नाही आणि वळतो. पाव तर अजिबात नको. तीन आठवड्यांनंतर प्रथिनं कमी करून चरायला भरपूर गवत द्या, औषध न फवारलेलं. सोबत बारीक खडे, खाल्लेलं पोटात दळायला. पंख लोंबतोय असं वाटलं तर त्याच आठवड्यात मिटवून मऊ पट्टी बांधली की बहुतेकदा सरळ होतो. धाकटीचा आता होणार नाही, पण तिला त्याचा त्रासही नाही.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. हो, कोंबडीचंच खाद्य देत होते, आणि पावही. कौतुकाने घालत होते. वाचून फार वाईट वाटलं.

तो कुठे थांबतो ते दोन दिवस खिडकीतून बघितलं. नळाच्या ओट्याशी थांबतो. त्याच्या अलीकडे कोणीही असो, नुसता मान उंच करून बघतो. ओटा ओलांडला की येतो. आणि कपड्यांची दोरी जिन्याला बांधलेली आहे, म्हणजे आम्ही रोज घरट्यापासून चार हातांवर उभ्या राहून कपडे झटकत होतो!

प्रतिसाद १

सापडलं की मग. घरट्याला हात लावू नका, दोरी हलवा.

धागाकर्ती, बारा दिवसांनी

दोरी त्याच दिवशी पुढच्या अंगणात नेली. ओट्यापलीकडे दिवसातून एकदाच जाते, पाणी बदलायला, मादी टबात असते तेव्हा. पहिले तीन दिवस हात पसरून उभी राहिले तेव्हा पाय लटपटत होते. चौथ्या दिवशी तो दोन हातांवर थांबला, फुत्कारला आणि गवत खायला लागला. त्यानंतर चावलेला नाही. सासूबाई निर्धास्त आहेत, देऊन टाकण्याचा विषय निघालेला नाही.

तिसाव्या दिवशी पिल्लं निघाली, सातातली पाच. दोन अंडी तशीच राहिली. बाळू आता घरट्यापाशी नसतो, पिल्लांच्या मागे चालतो, आणि त्याची ओट्याची हद्द पिल्लांबरोबर सरकते. काल ती सगळी स्वयंपाकघराच्या पायरीपर्यंत आली, तेव्हा मी दार लावून घेतलं आणि आतूनच "आहे रे" म्हटलं. त्याने मान वळवून दाराकडे बघितलं.

आता एक शंका. टबाच्या कडा उभ्या आहेत, पिल्लं आत गेली तर बाहेर येता येणार नाही म्हणून आत-बाहेर विटांच्या पायऱ्या रचल्या आहेत. पाणी चार बोटंच ठेवलं आहे. पण मोठ्यांना डोळे आणि नाकपुड्या धुवायला पूर्ण डोकं बुडेल एवढं पाणी लागतं ना? त्यांच्यासाठी वेगळी खोल बादली ठेवली तर पिल्लं त्यात पडणार नाहीत अशी ती कशी ठेवता?