अनुभव धागा: टिंकल डायजेस्टमधलं आपलं नाव

माळा आवरताना टिंकल या मुलांच्या चित्रकथा-नियतकालिकाच्या डायजेस्टचा गठ्ठा सापडला आणि आवराआवर तिथेच थांबली. गोष्टी जुन्याच, आधीच्या अंकांतून निवडून पुन्हा छापलेल्या. पण कितीतरी गोष्टींसोबत ती पाठवणाऱ्याचं नाव नि गाव आहे! अनंत पै यांनी १९८० साली टिंकल सुरू केलं आणि वाचकांनी पाठवलेल्या गोष्टींवर चित्रकथा बेतल्या. सांगितलेलं प्रत्येक काम बिघडवणाऱ्या भोळ्या सुप्पांडीच्या पहिल्या गोष्टीसुद्धा तिरुचिरापल्लीच्या एका वाचकाने पाठवल्या होत्या. १९८३ मध्ये चित्रकार राम वाईरकरांनी त्याला चेहरा दिला. तुमच्यापैकी कुणी काही पाठवलं होतं? छापून आलं? कोडी पेनाने सोडवायचात की पेन्सिलीने? सविस्तर लिहा.

* * *

माझी एक गोष्ट आली होती. आजीने सांगितलेली, लबाड न्हाव्याची. मी सातवीत होते. अंक आला तेव्हा बाबांनी तो ऑफिसात नेला आणि तिकडेच हरवला. दुसरी प्रत मिळाली नाही. लेक आठ वर्षांची असताना तिच्यासाठी एक डायजेस्ट आणलं. ती मोठ्याने वाचत होती, शेवटी नाव वाचलं आणि पान उलटलं. तिला माझं माहेरचं नाव कुठे माहीत! मी स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी धावत आले. आजीने सांगितलेलं आणि मी लिहिताना विसरलेलं एक वाक्य तेव्हा आठवलं, ते लेकीला सांगितलं.

* * *

आमच्याकडे नवं डायजेस्ट कधीच आलं नाही, सगळी रद्दीच्या दुकानातून. त्यामुळे कोडी आधीच कुणीतरी सोडवलेली असायची. भाऊ खोडरबराने सगळं पुसायचा, कागद झिरझिरीत होईपर्यंत. मला मात्र त्या अनोळखी मुलाची पेन्सिल आवडायची. भुलभुलैयात तो कुठे चुकला, कुठून परतला, हे रेषेवरून कळायचं. फरक ओळखायच्या चित्रात त्याने सहा गोल केलेले असायचे, उरलेले दोन मी शोधायचो. एकाच हाताची अशी चार डायजेस्ट मिळाली. शेवटच्या पुस्तकात त्याचे आठही फरक बरोबर होते. मला फार आनंद झाला, जणू वर्गातलाच कुणी पास झाला.

* * *

वाचनालयाचं पुस्तक, लिहायला सक्त मनाई. आम्ही बटर पेपर ठेवून ठिपके जोडायचो. ते कागद अजून आहेत.

* * *

मी चार गोष्टी पाठवल्या, एकही छापली नाही. तरी हा प्रश्न मला माझाच वाटतो, कारण तेव्हापासून मी गोष्ट ऐकताना "हिची चौकट कशी होईल?" असा विचार करू लागलो. टिंकलमधल्या भित्र्या शिकारी शंभूचे डोळे टोपीखाली का लपलेले असतात, यावर मी पानभर पत्रही लिहिलं होतं. चित्रकार वसंत हळबे यांनी तो तसाच काढला आणि डोळे न दाखवता त्याची भीती आपल्याला दिसते, हे केवढं कसब! आता शाळेत शिकवतो. सुप्पांडीला एक काम सांगा आणि तो ते कसं बिघडवेल ते लिहा, असं म्हटलं की न लिहिणारी मुलंही लिहितात. एकीने लिहिलं, "मालक म्हणाले दिव्यात तेल घाल, त्याने बल्ब काढून तेलात बुडवला."

* * *

माझं एकच म्हणणं आहे. पुनर्मुद्रण करताना पानं जुळवायला काहीही गाळा, गोष्टीखालचं नाव गाळू नका. त्या मुलाने वहीतलं पान फाडून, पाकिटाला डिंक लावून ती गोष्ट टपालात टाकलेली असते.

न्हाव्याची गोष्ट पाठवणाऱ्या ताई, तुमचा पहिला अंक साधारण कोणत्या सालचा? माझ्याकडे ऐंशीच्या दशकातले सुटे अंक आहेत, बरेचसे मुखपृष्ठाविना. रविवारी काढून बघते.