हंटिंग गिअर आणि गव्हर्नरचं हंटिंग: काही संबंध आहे का?

प्रश्न (इंजिन कॅडेट)
जहाजाचा रडर (सुकाणू) फिरवणाऱ्या स्टिअरिंग गिअरला 'हंटिंग गिअर' लागतोच, असं पुस्तक सांगतं. तेच पुस्तक जनरेटरच्या प्रकरणात 'हंटिंग' हा गव्हर्नरचा, म्हणजे इंजिनाचा वेग स्थिर राखणाऱ्या यंत्राचा, दोष म्हणून देतं. एकीकडे मुद्दाम बसवायचं, दुसरीकडे घालवायचं? तोंडी परीक्षेत हमखास विचारतात. पाठ करायचं नाहीये, समजून घ्यायचंय.

थर्ड इंजिनिअर
हंटिंग गिअर म्हणजे रडर हुकमाच्या अंशावर आला की पंपाचा स्ट्रोक (तेल ढकलण्याची चाल) शून्यावर आणणारी लिव्हरची जोडणी. गव्हर्नरचं हंटिंग म्हणजे लोड स्थिर असताना वेग खालीवर होत राहणं. नावसाम्य आहे, बाकी संबंध नाही.

निवृत्त चीफ
संबंध आहे, आणि तोच कळायला हवा.

रॅमवालं, म्हणजे तेलाच्या दाबाने सरकणाऱ्या दांड्यांनी रडर फिरवणारं, स्टिअरिंग डोळ्यांपुढे आण. पंप एकाच दिशेने, एकाच वेगाने फिरतो. तेल किती आणि कुठल्या बाजूला जाणार ते त्याच्या कंट्रोल रॉडवर ठरतं. हा रॉड फ्लोटिंग लिव्हरच्या मधोमध जोडलेला. लिव्हरचं एक टोक ब्रिजच्या (जहाज चालवण्याच्या कक्षाच्या) हुकमाने सरकतं, दुसरं टिलरला (रडर वळवणाऱ्या आडव्या दांड्याला) जोडलेलं. हेल्म (सुकाणूचं चाक) 10 अंश दिला की रॉड मधल्या जागेवरून हलतो, तेल सुटतं, रॅम टिलरला ढकलतो. टिलर वळता वळता आपलं टोक उलटं ओढत रॉडला परत मध्ये आणतो. तेल थांबलं, रडर तिथेच जखडला. लाटेच्या तडाख्याने रिलीफ व्हॉल्व्ह उघडून रडर सरकला, तर हीच लिव्हर पंपाला पुन्हा स्ट्रोकवर नेऊन त्याला जागेवर आणते. हेल्मला कोणी हात लावावा लागत नाही.

आता गव्हर्नर. लोड उतरला, वेग वाढला, फ्लायवेट (गव्हर्नरमधली फिरती वजनं) बाहेर फेकले गेले, फ्युएल रॅक (इंधनाचं प्रमाण ठरवणारा दांडा) मागे आला. पण रोटर (जनरेटरचा फिरता भाग) आणि फ्लायव्हीलच्या जडत्वामुळे वेग लगेच उतरत नाही. गव्हर्नर नुसता वेगाकडेच बघत राहिला तर इंधन गरजेपेक्षा जास्त कापेल, वेग खाली घसरेल, मग उलट्या बाजूने तेच. म्हणून हायड्रॉलिक गव्हर्नरमध्ये कॉम्पेन्सेशन असतं: रॅक हलवणारा पॉवर पिस्टन हलू लागला की तोच, त्याला तेल सोडणाऱ्या पायलट व्हॉल्व्हला परत मध्ये आणू लागतो. टिलरच्या टोकाचं काम इथे पॉवर पिस्टन करतो. ही परतीची खबर उशिरा किंवा ढिली पोचली की रडर असो वा रोटर, दोन्ही डोलू लागतात.

दोन्ही प्रश्न एकाच काळात सुटू लागले, हेही लक्षात ठेव. 'ग्रेट ईस्टर्न' जहाजावर मॅकफार्लेन ग्रे यांचं फीडबॅक (परतीची खबर) असलेलं वाफेचं स्टिअरिंग 1867 मध्ये बसलं; गव्हर्नरच्या स्थैर्याचं गणित मॅक्सवेल यांनी 1868 मध्ये मांडलं.

पॉवर हाऊस ऑपरेटर
वाफेच्या टर्बाइनवर हेच बघतो. वाफ सोडणाऱ्या कंट्रोल व्हॉल्व्हच्या स्पिंडलवर (दांड्यावर) थर बसला की तो आधी अडकतो, मग एकदम सुटतो, आणि हंटिंग सुरू. मोठ्या ग्रिडला जोडलेल्या मशीनचा वेग मात्र फारसा हलत नाही, डोलतो तो लोड. नवीन माणूस टॅकोमीटरकडे बघून सगळं ठीक समजतो. बघायचा तो मेगावॉट मीटर.

प्रश्नकर्ता
चीफ साहेब, डोक्यात बसलं. जहाजावर हे तपासायचं कसं?

निवृत्त चीफ
निघण्यापूर्वीच्या 12 तासांत स्टिअरिंगची चाचणी होतेच. तेव्हा स्टिअरिंग फ्लॅटमध्ये (स्टिअरिंग गिअरच्या खोलीत) जाऊन लिव्हरच्या पिनांकडे बघ. एक टोक सरकलं आणि दुसरीकडे हालचाल क्षणभर उशिरा दिसली, तर पिन आणि बुश (पिनेभोवतालची नळी) झिजलेत. असा रडर जागेवर आल्यावरही अर्धा-पाऊण अंश इकडेतिकडे करत राहतो. तेलात हवा असली तरी असंच होतं, म्हणून आधी हवा काढ, मग पिनांना दोष दे. नियमातले 28 सेकंद, एका बाजूच्या 35 अंशांपासून दुसऱ्या बाजूच्या 30 पर्यंत, हे पूर्ण भरलेलं जहाज पूर्ण वेगात असतानाचे आहेत. धक्क्याला उभं असताना रडरवर पाण्याचा जोर नसतो, तेव्हा तेवढाच वेळ लागला तर त्यावर समाधान मानू नकोस.

गव्हर्नरचं: आधी फ्युएल रॅक हाताने हलवून बघ, मशीन बंद असताना. रॅक अडकत असेल तर गव्हर्नरला हात लावू नकोस, दोष तिथे नाही. रॅक मोकळा असेल तर गव्हर्नरचं तेल बघ, आणि मग मशीन चालवून, लोड नसताना, कॉम्पेन्सेशनची नीडल (तेलाची वाट कमीजास्त करणारा स्क्रू) थोडी उघड. वेग डोलू लागेल, अडकलेली हवा निघेल. मग डोलणं थांबेपर्यंत हळूहळू बंद करत ये. पूर्ण बंद करू नकोस, नाहीतर लोड बदलल्यावर मशीन वेगावर यायला फार वेळ घेतं.