मुलगी ९ वर्षांची, वरचे दात पुढे आलेत - आत्ताच ट्रीटमेंट करावी की थांबावं?

नीलमोहर (चिंचवड)

नमस्कार मंडळी, माझी मुलगी चौथीत आहे, नुकतीच ९ पूर्ण झाली. तिचे वरचे पुढचे दोन दात चांगलेच पुढे आलेत, दोघांच्या मधे फट पण आहे, ओठ मिटले तरी दातांची टोकं खालच्या ओठावर टेकलेली दिसतात आणि रात्री झोपेत तर तोंड उघडंच असतं. आमच्या नेहमीच्या डेंटिस्टने सांगितलं की आत्ताच सुरू करा, दोन टप्प्यांत करू, आधी प्लेट आणि मग बाराव्या वर्षी तारा. दुसरीकडे दाखवलं तर ते म्हणाले की दुधाच्या दाढा अजून पडायच्यात, घाई नको, १२ ची झाली की आणा. आता दोघंही शिकलेले डॉक्टर, ऐकायचं कुणाचं? सासूबाई म्हणतात आमच्याकडे सगळ्यांचे दात लहानपणी असेच होते आणि मोठेपणी आपसूक बसले, कशाला पोरीच्या तोंडात लोखंड घालताय.

पैशांचा विचार आहेच पण त्याहून जास्त मला वाटतंय ते असं की वर्गातली दोन-तीन मुलं तिला ससा म्हणतात आणि तिने फोटोत हसणं बंद केलंय. गॅदरिंगच्या फोटोत अख्खा ग्रुप हसतोय आणि ही ओठ दाबून उभी आहे.

कुणी मुलांच्या तारांचं केलंय का? किती दुखतं, खाण्यापिण्याचं काय करता, आणि चांगले दात काढायला लावतात म्हणे ते खरं का? जे माहीत असेल ते सांगा प्लीज.

ठाणेकर_बाबा

ताई, आमच्या मुलाच्या तारा गेल्या वर्षी निघाल्या. तेराव्या वर्षी लावल्या होत्या, दोन वर्षांच्या आसपास होत्या तोंडात. त्याचं तुमच्या मुलीसारखं नव्हतं, त्याचे दात एकावर एक चढलेले होते, त्यामुळे आत्ता की नंतर हे डॉक्टरांनाच विचारा, मी बाकीचं सांगतो.

दुखतं, पण सहन होण्याएवढं. तार बसवल्यावर पहिले तीन-चार दिवस चावता येत नाही, तेव्हा मऊ भात वरण, खिचडी, उपमा, शिरा, दही-पोहे असलं द्यायचं, लागलंच तर डॉक्टर पॅरासिटामॉल सांगतात. नंतर दर महिन्याला तार बदलली की एक-दोन दिवस दात शिवशिवतात. दुखण्यापेक्षा पोरं वैतागतात ते ब्रॅकेट (दातावर चिकटवलेला छोटा तुकडा, ज्यात तार बसते) गालाला घासून आतून सोलवटतं त्याने. त्यासाठी मेण मिळतं, दवाखान्यातूनच देतात, मटाराएवढी गोळी करून टोचतंय त्या जागी दाबून बसवायची, आणि कोमट मिठाच्या पाण्याने गुळण्या. दोन आठवड्यांत गालाला सवय होते.

खाण्यात चिक्की, ऊस, मक्याचं कणीस दाताने तोडून, कडक चकली, डिंकाचा लाडू, बर्फ हे बंद म्हणजे बंद. पेरू आणि सफरचंद चिरून द्यायचं. संक्रांतीला आमच्याकडे कडक तिळाची वडी त्याच्या हाताला लागू नये म्हणून आजीने मुद्दाम मऊ वड्या केल्या होत्या. ब्रॅकेट निघालं की पुन्हा चिकटवायला जावं लागतं आणि तेवढी ट्रीटमेंट लांबते. आणि हो, हळदीने रबरं पिवळी पडतात. ब्रॅकेटवर तारेला धरून ठेवणारी जी बारीक रबरी रिंग असते ना, ती पारदर्शक घेतली तर आपल्या जेवणाने दोन दिवसांत पिवळीजर्द होते. मुलाने निळी घ्यायला सुरुवात केली आणि प्रश्न मिटला, दर महिन्याला रंग निवडायला मिळतो म्हणून उलट उत्साहाने जायचा.

सगळ्यात जास्त लक्ष ब्रशकडे द्या. साध्या ब्रशने तारेखालचं निघत नाही, बाटलीच्या ब्रशसारखा छोटासा इंटरडेंटल ब्रश मिळतो तो तारेच्या मागून घालायचा. रात्रीचा ब्रश मी स्वतः बघायचो, तो कितीही चिडला तरी. त्याच्या वर्गातल्या एकाच्या तारा निघाल्या तेव्हा दात सरळ झालेले पण प्रत्येक दातावर ब्रॅकेटच्या भोवती पांढरे डाग होते, ते पूर्ण जात नाहीत.

खर्च आम्हाला मेटलच्या तारांना ४५ हजार आला, हप्त्याने दिले. मेडिक्लेममधून काही मिळालं नाही.

दंतवैद्य_कोल्हापूर

मी ऑर्थोडॉन्टिस्ट आहे, म्हणजे वाकडे-पुढे आलेले दात सरळ करणारा दंतवैद्य. तोंड न बघता तुमच्या मुलीला काय करावं ते मी सांगू शकत नाही, पण दोन डॉक्टर दोन गोष्टी का सांगतात ते सांगतो, म्हणजे तिसऱ्या वेळी जाल तेव्हा काय विचारायचं ते कळेल.

आधी फटीबद्दल. ८ ते ११ या वयात वरच्या दोन दातांमधे फट असणं बहुतेक मुलांत नॉर्मल आहे. वरचे सुळे तेव्हा हाडात वर असतात आणि शेजारच्या दातांच्या मुळांना रेटत असतात, म्हणून पुढचे दात पंख्यासारखे फाकतात. सुळे साधारण ११-१२ ला खाली उतरले की बऱ्याच वेळा फट आपोआप मिटते. सासूबाई म्हणतात ते या बाबतीत खरं आहे. पण एक कळकळीने सांगतो, फट बुजवायला घरी दातांना रबरबँड लावू नका, व्हिडिओ बघून लोक करतात. दात मुळाकडे निमुळता असतो, रबर हळूहळू हिरडीच्या आत सरकतं, दिसेनासं होतं आणि मुळाभोवतीचं हाड खात जातं. चांगले, न किडलेले पक्के दात यात गेलेले आहेत.

आता दात पुढे येण्याबद्दल. यात दोन प्रकार असतात, एक म्हणजे नुसते दातच पुढे झुकलेत, आणि दुसरा म्हणजे खालचा जबडा मागे राहिलाय म्हणून वरचे पुढे दिसतात. आपल्याकडे पालक वरच्या दातांकडेच बघतात, पण अडचण बरेचदा खालच्या जबड्यात असते. मुलीला बाजूने उभी करून चेहरा बघा, हनुवटी मागे गेल्यासारखी वाटते का. नक्की काय ते बाजूच्या एक्स-रेवरून कळतं, त्याला लॅटरल सेफ म्हणतात, आणि सगळे दात एकत्र दिसतात तो ओपीजी.

खालचा जबडा मागे असेल तर वाढीचा फायदा घेता येतो. त्यासाठी ट्विन ब्लॉक नावाचं काढता-घालता येणारं उपकरण आहे, स्कॉटलंडच्या डॉ. विल्यम क्लार्क यांनी १९७७ मध्ये आणलं. वर एक प्लेट, खाली एक प्लेट, दोन्हीवर तिरके ठोकळे, तोंड मिटलं की खालचा जबडा पुढे घेऊनच मिटावं लागतं. हे साधारण ९ महिने ते वर्षभर, जवळजवळ चोवीस तास वापरायचं असतं. पण याची खरी वेळ म्हणजे उंची झपाट्याने वाढते तो काळ, मुलींमधे साधारण १० ते १२, मुलांमधे १२ ते १४. तुमची मुलगी त्या उंबरठ्यावर आहे, म्हणून एक डॉक्टर म्हणतो आत्ता आणि दुसरा म्हणतो थांबा. दोघांपैकी कुणी फसवतंय असं नाही. फक्त बाराव्या वर्षापर्यंत सरळ विसरून जाऊ नका, दर सहा महिन्यांनी दाखवा, कारण काही मुलींची वाढ लवकर सुरू होते आणि पाळी सुरू झाली की वाढीचा जोराचा काळ बहुतेक मागे पडलेला असतो.

पुढे आलेल्या दातांसाठी लवकर दोन टप्प्यांत करणं आणि थोडं मोठं झाल्यावर एकाच टप्प्यात करणं, याची तुलना कॉक्रेनच्या (जगभरचं वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणारी संस्था) आढाव्यात झालेली आहे. शेवटचा रिझल्ट जवळपास सारखाच येतो, लवकर करण्याचा ठोस फायदा एकच दिसला, पुढच्या दातांना मार लागण्याचं प्रमाण कमी होतं. म्हणजे मुलगी धडपडी असेल, सायकल, स्केटिंग, कबड्डी असं काही असेल आणि दात फारच पुढे असतील तर लवकर करण्यात अर्थ आहे. आणि मुलं चिडवतात म्हणून ती हसत नाही, हेही कारण म्हणून डॉक्टरांसमोर मांडा, ते किरकोळ नाही.

ज्यात अजिबात थांबायचं नाही ते वेगळं. खालचे दात वरच्यांच्या पुढे येत असतील, किंवा चावताना जबडा एका बाजूला सरकत असेल, तर ७-८ वर्षालाच दाखवा. अमेरिकेतली ऑर्थोडॉन्टिस्टची संघटना पहिली तपासणी सातव्या वर्षापर्यंत करा म्हणते ते यासाठीच. तपासणी म्हणजे लगेच तारा नव्हेत.

आर्याची_आई_नाशिक

नीलमोहर, झोपेत तोंड उघडं असतं असं तुम्ही लिहिलंय त्यावरून सांगते, आधी ईएनटीला दाखवा. माझ्या मुलीचं अगदी हेच होतं, घोरायची पण, अ‍ॅडेनॉइड, म्हणजे नाकाच्या मागच्या गाठी, वाढलेल्या निघाल्या. आमच्या ऑर्थोवाल्यांनीच पाठवलं होतं, म्हणाले नाकाने श्वास घ्यायला लागल्याशिवाय मी प्लेट देऊन उपयोग नाही, दात परत पुढे येतील. आणि अंगठा चोखते का? आमची सहावीपर्यंत झोपताना चोखायची आणि आम्हाला वाटायचं सुटलंय.

केतकी_लीड्स

इकडे यूकेमध्ये १८ च्या आतल्या मुलांना एनएचएसवर (इथली सरकारी आरोग्यसेवा) तारा फुकट मिळतात पण सगळ्यांना नाही. गरज किती आहे त्याचे १ ते ५ ग्रेड आहेत, ४ आणि ५ ला मिळतात, ३ मधल्या काहींना. पुढे आलेले दात मिलिमीटरमधे मोजतात, ६ च्या वर गेले की ग्रेड ४, ९ च्या वर गेले की ५. माझ्या भाचीचं पुण्यात चाललंय, तिला मी सांगितलं होतं की डॉक्टरांना किती मिलिमीटर आहे ते विचार, मोजून सांगितलेला आकडा असला की पुढच्या भेटीत कमी झालंय की वाढलंय ते आपल्यालाही कळतं.

नीलमोहर (चिंचवड)

इतकं सविस्तर लिहिलंत सगळ्यांनी, खूप खूप आभार. डॉक्टर, अंगठा नाही चोखत पण घोरते, ते मी सर्दी समजत होते. ती स्केटिंगला जाते, त्यामुळे मार लागण्याचं वाचून धस्स झालं. आणि दात काढण्याचं राहिलं, ते सांगाल का? आमच्या शेजारच्या मुलाचे चार दात काढले, किडलेला एकही नव्हता.

दंतवैद्य_कोल्हापूर

कधीकधी काढावे लागतात हो. जबड्यात जागा आहे ३ दातांची आणि बसायचेत ४, अशी स्थिती असली की सुळ्याच्या मागची पहिली उपदाढ दोन्ही बाजूंची, वरची आणि खालची, अशा चार काढतात आणि ती जागा वापरून बाकीचे दात आत घेतात. शेजारच्या मुलाचं हेच असणार. पण प्रत्येकाला लागत नाही, आणि जबडा लहान असलेल्या मुलीच्या बाबतीत तर फार विचार करून ठरवायचं असतं. डॉक्टरांना मापं दाखवायला सांगा, जागा किती कमी पडतेय. दाखवत नसतील तर दुसरं मत घ्या. ऑर्थोमधे एमडीएस आहेत ना तेही बघा, बीडीएसनंतर तीन वर्षं फक्त हेच शिकतात.

स्केटिंगला माउथगार्ड घाला, आत्तापासूनच. आणि हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, पक्का दात मुळासकट निखळून पडला तर फेकायचा नाही. वरच्या पांढऱ्या भागाने धरायचा, मुळाला हात लावायचा नाही, माती लागली असेल तर हलकेच धुवायचा, घासायचा नाही, आणि जमलं तर तिथल्या तिथे जागेवर बसवायचा. नाही जमलं तर दुधात टाकून अर्ध्या तासात डेंटिस्ट गाठायचा. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो.

सांजवेळ

खर्चाचा प्रश्न असेल तर डेंटल कॉलेज बघा. मुंबईत सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जच्या आवारात सरकारी डेंटल कॉलेज आहे, मुंबई सेंट्रलला नायरचं आहे, नागपूर आणि संभाजीनगरला सरकारी आहे. पुण्यात धनकवडीला भारती विद्यापीठाचं आहे. एमडीएस करणारे विद्यार्थी करतात पण प्रत्येक पायरी सर-मॅडम तपासतात. वेळ जास्त जातो, शाळा बुडते, आणि मधेच विद्यार्थी पास होऊन गेला की केस दुसऱ्याकडे जाते, तेवढी तयारी ठेवा. माझ्या बहिणीचं मुंबईला असंच झालं आणि दात उत्तम बसलेत.

ठाणेकर_बाबा

रिटेनरचं लिहायचं राहिलं. तारा निघाल्या म्हणजे संपलं असं नाही, त्यानंतर रिटेनर, म्हणजे सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारं उपकरण, घालावा लागतो, आमच्याकडे आधी दिवसरात्र आणि आता फक्त रात्री, किती वर्षं ते डॉक्टर बघून सांगतात. नाही घातला तर दात परत फिरतात. मुलं कंटाळून टिश्यूत गुंडाळून ठेवतात आणि डब्याबरोबर कचऱ्यात जातो, म्हणून गडद रंगाची डबी द्या आणि खर्च धरताना एक जास्तीचा रिटेनर धरूनच चला.

नीलमोहर (चिंचवड)

ईएनटीची शनिवारची वेळ घेतली. एक्स-रे त्यानंतर काढते. ओपीजी पहिल्या डॉक्टरांनी काढलेला आहे, पण तो त्यांच्याकडेच आहे, दुसरीकडे परत काढावा लागेल का?

दंतवैद्य_कोल्हापूर

तोच मागून घ्या, तो तुमचाच आहे. आजकाल डिजिटल असतो, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नको, मूळ फाइल मेलवर पाठवायला सांगा. सहा महिन्यांच्या आतला असेल तर सहसा पुन्हा काढायची गरज पडत नाही, फक्त बाजूचा सेफ राहिला असेल तो काढा. ईएनटी काय म्हणतात ते इथे नक्की लिहा.